न वाचता मंजूर

कॅलिफोर्नियातल्या छोट्या शहराची नगरपरिषद पाहायची असेल तर बजेटच्या दिवशी जाऊ नये. त्या दिवशी प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर फक्त एसीची हवा बसलेली असते. सांडपाण्याची वाहिनी, पोलिसांच्या गाड्या, रस्त्यांची डागडुजी हे सगळं ‘कन्सेंट कॅलेंडर’ नावाच्या एका गठ्ठ्यात बांधून एका दमात मंजूर होतं. जायचं ते शॉपिंग सेंटरच्या पाटीचा विषय असेल त्या दिवशी. त्या दिवशी उभं राहायलाही जागा मिळत नाही. सांडपाण्यावर मत द्यायचं तर थोडा अभ्यास लागतो. पाटीवर मत द्यायला डोळे असले की पुरतं, आणि मत जोरदार हवं असेल तर तेही मिटलेले चालतात.

आमच्या गावातलं शॉपिंग सेंटर म्हणजे काटकोनात बांधलेली एकमजली इमारत आणि तिच्या पुढ्यात तिच्यापेक्षा मोठं पार्किंग. एका टोकाला भाजी-किराण्याचं भलंमोठं दुकान. मग ओळीने नखांचं सलून, ड्राय क्लीनर, डोनटवाला, त्याला लागून दंतवैद्य (हे नियोजन मात्र दूरदृष्टीचं), कराटेचा क्लास आणि शेवटी आमचं देशी दुकान. तिथे कढीपत्ता नक्की मिळतो, आणि कोकम दुकानदाराच्या बहिणीने पाठवलं असेल तर मिळतं. या सगळ्यांची नावं रस्त्याकडेच्या एका उंच खांबावर होती. खांब १९६०च्या दशकातला. टोकाला ठसठशीत बाण आणि खाली एकाखाली एक नावांच्या पाट्या. कधीच बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीचं नावही त्यात होतं, उन्हाने पुसट झालेलं. मालकाच्या मनात आलं की हा खांब काढावा आणि त्या जागी ‘मोन्युमेंट साइन’ बसवावी. नाव ऐकून हुतात्मा स्मारक डोळ्यांपुढे येईल. प्रत्यक्षात ती गवतात बसवलेली, माणसाच्या छातीइतकी उंच, दगडी पायाची पाटी असते. एवढ्यासाठी त्याला नियोजन आयोग, त्याविरुद्ध अपील आणि मग नगरपरिषद अशी तीर्थयात्रा करावी लागली.

त्याच सुमारास माझे सासरे आमच्याकडे आले होते. ते एका महानगरपालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागातून निवृत्त झालेले. इथे त्यांचा दिवस जाता जात नव्हता. सकाळी फिरून यायचे, मग लायब्ररी, मग पुन्हा फिरणं. ज्या देशात रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस ‘हाय’ म्हणतो आणि एकही थांबत नाही, त्या देशात निवृत्त अधिकाऱ्याने करायचं काय? मी त्यांना नगरपरिषदेची विषयपत्रिका दाखवली. इथे ब्राउन अ‍ॅक्ट नावाचा १९५३चा कायदा आहे. त्यानुसार नेहमीच्या सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लोकांसमोर लावावी लागते.

“७२ तास आधी?” बाबा म्हणाले. “मग सभेत करतात काय?”

पाटीवरचा प्रशासनाचा अहवाल जाडजूड होता. बाबांनी चष्मा पुसला, पेन्सिल काढली आणि तो अहवाल एखादी कादंबरी वाचावी तसा वाचला. मध्येच त्यांनी मला हाक मारली, “जावईबापू, हे बघा काय लिहिलंय. या पाटीला पर्यावरण कायद्यातून सूट!” खरंच होतं ते. कॅलिफोर्नियाचा १९७०चा पर्यावरण कायदा धरण, महामार्ग, वसाहत या सगळ्यांची झडती घेतो. पण त्याच्या नियमावलीत सूट मिळालेल्या किरकोळ बांधकामांचा एक वर्ग आहे, आणि त्या वर्गात दुकानाच्या आवारातल्या पाट्यांचा चक्क नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे या पाटीमुळे निसर्गाला धोका नाही, असं सरकारी कागदावर लिहून आलं होतं. बाबांना त्याचं इतकं कौतुक वाटलं की त्या ओळीखाली त्यांनी दोनदा रेघ मारली.

सभा सुरू व्हायच्या आधी नगर वकिलांनी एक खुलासा केला, आणि माझ्या मते त्या रात्रीच्या सगळ्या गमतीचा गाभा त्यातच होता. त्या म्हणाल्या, परिषदेने पाटीचा आकार, उंची, प्रकाश, जागा आणि साहित्य यांचा विचार करावा. पाटीवर काय लिहिलंय याचा विचार करू नये.

यामागे अ‍ॅरिझोनातल्या गिल्बर्ट गावचे एक पाद्री आहेत. क्लाइड रीड त्यांचं नाव. त्यांच्या छोट्या चर्चला स्वतःची इमारत नव्हती. प्रार्थना कधी या शाळेत, कधी त्या शाळेत. लोकांना पत्ता कळावा म्हणून ते शनिवारी रस्त्याकडेला छोट्या पाट्या रोवायचे. गिल्बर्टच्या नियमावलीत पाट्यांची वर्णव्यवस्थाच होती. राजकीय पाटीला ३२ चौरस फूट, विचार मांडणाऱ्या पाटीला २०, आणि कार्यक्रमाचा रस्ता दाखवणाऱ्या पाटीला फक्त ६. तीही कार्यक्रमाच्या १२ तास आधी लावायची आणि संपल्यावर तासाभरात काढायची. पाद्रीबुवा पाटी काढायला उशीर करत आणि गाव त्यांना नोटीस देई. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१५ मध्ये गाव हरलं, सगळ्या न्यायमूर्तींच्या एकमताने. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी तर स्वतंत्र निकालपत्रात असं सुचवलं की गावाचा बचाव हसू न येता ऐकून घेण्याच्याही लायकीचा नाही. कोणता नियम लावायचा हे ठरवण्यासाठी पाटी वाचावी लागत असेल तर तो नियमच संशयास्पद, असा न्यायालयाच्या निकालाचा साधारण अर्थ. पुढे २०२२ मध्ये ऑस्टिन शहराच्या खटल्यात न्यायालयाने हा फास जरा सैल केला. पाटी त्याच जागेवरच्या धंद्याची आहे की दुसरीकडच्या, एवढं कळण्यापुरती ती वाचली तर चालेल म्हणाले. म्हणजे वाचा, पण डोळ्यांच्या कडेने.

दुसरी अडचण रंगाची. अ‍ॅरिझोनातल्याच टेम्पी शहराने शॉपिंग सेंटरमधल्या व्हिडिओ दुकानांना पाट्या ठरलेल्या साच्यात बसवा म्हणून सांगितलं होतं. दुकानं कोर्टात गेली. १९९८ मध्ये या भागाच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की नोंदणीकृत बोधचिन्ह लावूच नका असं शहर सांगू शकतं, पण त्यात बदल करून लावा असं सांगू शकत नाही. त्या दुकानांतलं ब्लॉकबस्टर आता जवळपास नामशेष झालंय. निकाल मात्र ठणठणीत आहे, आणि प्रत्येक पाटीच्या सभेत हजर असतो. त्या आधीची गोष्ट निराळी होती. १९९३ मध्ये सेडोना गावाला वाटलं की मॅकडोनाल्ड्सच्या पिवळ्या कमानी तिथल्या लाल डोंगरांपुढे भडक दिसतील. कंपनीने मुकाट्याने कमानी निळसर हिरव्या केल्या, आणि आता लोक डोंगर बघायला जातात ते जाता जाता त्या कमानीपुढे उभे राहून फोटोही काढतात.

तर परिषदेपुढचा पेच असा: पाटीवरची अक्षरं वाचायची नाहीत, बोधचिन्हाचा रंग बदलायचा नाही. मग उरलं काय? पायाचा दगड आणि भोवतालची झुडपं. आमच्या पाच नगरसेवकांनी रात्रीचे साडेअकरा वाजेपर्यंत दगड आणि झुडपं यांवर चर्चा केली.

हे पाचही जण अर्धवेळ. महापौरपद आपापसात पाळीने फिरतं, त्यामुळे या वर्षीच्या महापौरबाई गेल्या वर्षीच्या महापौरांना ‘आपला वेळ संपला’ असं सांगताना जरा जास्तच खूश दिसतात. एक निवृत्त इंजिनियर आहेत. त्यांना प्रत्येक गोष्टीचा छेद हवा असतो. एक गृहस्थ कधीतरी इटलीला जाऊन आले आहेत आणि अजून पूर्णपणे परतलेले नाहीत. पाटीच्या आर्किटेक्टने दगडाचे दोन नमुने आणले होते, एक नदीतल्या गोट्यांसारखा आणि एक पातळ चिपांच्या थरांसारखा. दोन्ही सिमेंटचे, साच्यातून काढलेले. गोट्यांमुळे ‘आपल्या परिसराचा स्वभाव’ जपला जाईल, असं एका नगरसेविकेचं म्हणणं पडलं. आमच्या परिसरात नदी नाही. इटलीवाल्यांना चिपा आवडल्या, कारण टस्कनीत म्हणे असंच असतं. नमुने हातोहात फिरले. इंजिनियरांनी एक उलटा करून पाठीमागची जाळी तपासली. बाबा माझ्या कानात म्हणाले, “आमच्याकडे हे ठेकेदार ठरवतो.”

मग लोकांची पाळी. प्रत्येकाला तीन मिनिटं. समोर हिरवा, पिवळा, लाल असे दिवे. कायद्याने नाव सांगायची सक्ती नाही, पण आपण गावात किती वर्षं राहतो हे सांगितल्याशिवाय कुणी बोलत नाही. पहिल्याने तेवीस वर्षं सांगितली, दुसऱ्या बाईंनी एकतीस, आणि मग एक काठी टेकणारे आजोबा उठले तेव्हा आधीचे दोघे खाली बघू लागले. आजोबांचं म्हणणं, गावाचं ग्रामीण रूप टिकावं. शेवटची गाय गाव सोडून गेली त्याला जमाना झाला. तिला पाहिलेलेही आता तेच एकटे असावेत. काळोखप्रेमी गृहस्थ आले. त्यांनी दिव्याचं तापमान ३००० केल्विनच्या वर नको म्हणून सांगितलं आणि घुबडांचं कसं होतं ते सविस्तर सांगितलं. कराटेचे मास्तर म्हणाले, माझा क्लास कुणालाच सापडत नाही, मुलांचे आईबाप दंतवैद्याकडे जाऊन बसतात. पाटीने दुकान सापडावं, हा मुद्दा त्या रात्री एवढ्या एकाच माणसाने काढला. महापौरबाईंनी त्याचे मनापासून आभार मानले आणि पुढचं नाव पुकारलं.

मास्तरांची तक्रार नुसती हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. जुन्या खांबावर सगळ्यांची नावं मावत. नव्या ठेंगण्या पाटीवर जागा चारच नावांना. कोणाचं नाव लागायचं हे भाडेकरारात लिहिलेलं असतं आणि ज्याची जागा मोठी त्याचं नाव वर. आमच्या देशी दुकानाचे शेठ मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. पाटी सुंदर होईल याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांचं नाव तिच्यावर नसेल याबद्दलही नव्हती. पण तो विषय विषयपत्रिकेवर नव्हता आणि येऊही शकला नसता. नावं वाचायला परिषदेला बंदीच होती ना.

जुना खांब वाचवा म्हणणारं एक मंडळही आलं होतं. छातीवर बाणाचं चित्र असलेले शर्ट घालून. त्यांच्यातल्या एका बाईंनी मला बाहेर सांगितलं की हाच खांब उभा राहिला तेव्हा त्यांच्या आईने त्याच्याविरुद्ध सह्या गोळा केल्या होत्या. अमेरिकेत पाटी पुरेशी वर्षं टिकली की तिला वारशाचं तेज चढतं. बॉस्टनमध्ये सिटगो या पेट्रोल कंपनीची त्रिकोण असलेली ६० फुटी पाटी १९८३ मध्ये उतरवायला घेतली तर शहर हळहळलं, आणि ती पुन्हा उजळली. न्यूयॉर्कने तर पेप्सीकोलाच्या नदीकाठच्या पाटीला २०१६ मध्ये रीतसर वारसा ठरवलं. आणि हॉलिवूड? डोंगरावरची ती पांढरी अक्षरं १९२३ मध्ये प्लॉट विकणाऱ्या एका कंपनीने लावली. मूळ शब्द ‘हॉलिवूडलँड’. अक्षरं उंचच उंच, सुमारे ४००० दिवे, आणि मुक्काम दीड वर्षाचा ठरलेला. १९४९ मध्ये त्यातलं ‘लँड’ काढलं आणि उरलेली तात्पुरती जाहिरात शहराचं दैवत झाली. आमच्या परिषदेपुढे तो प्रस्ताव आला असता तर पहिल्याच पानावर आडवा झाला असता. उंची जास्त, दिवे जास्त, आणि भोवती झुडपं कोणती लावणार याचा उल्लेखच नाही.

या सभांना कमी लेखू नये हेही सांगायला हवं. कार्मेलमध्ये क्लिंट ईस्टवुडला आपल्या उपाहारगृहाशेजारी इमारत बांधायची होती आणि नगरपरिषदेने आराखड्यात खोडा घातला. चित्रपटांत त्याने अशा वेळी काय केलं असतं हे सर्वांना ठाऊक आहे. प्रत्यक्षात तो १९८६ मध्ये निवडणुकीला उभा राहिला, महापौर झाला आणि दोन वर्षं सभांना बसून झाडं, पार्किंग आणि आइस्क्रीमच्या दुकानांचे नियम ऐकत राहिला. माझ्या मते तो त्याचा सर्वांत धाडसी प्रयोग.

झुडपांवर मात्र परिषद फुटली. लॅव्हेंडर लावावी असा प्रस्ताव. पाणी कमी लागतं, दिसायला छान. पण लॅव्हेंडरवर मधमाश्या येतात आणि बाजूला कराटेची मुलं. शिवाय पार्किंगमधून बाहेर पडणाऱ्या गाडीला रस्ता दिसायला हवा, म्हणजे झुडूप ३ फुटांपेक्षा उंच नको. मग ते मोजणार कोण आणि कापणार कोण? मालक म्हणाला मी कापीन. इंजिनियर म्हणाले, लिहून द्या. इटलीवाल्यांनी रोझमेरी सुचवली, कारण तुम्हाला कळलंच असेल. एका नगरसेविकेने कॅलिफोर्नियाचीच देशी झाडं लावा म्हटलं, त्यावर टाळ्या पडल्या. बाबा चकित होऊन बघत होते. एवढा वाद, पण कोणी जागा सोडून पुढे धावलं नाही, कोणी राजदंड पळवला नाही, सभात्याग नाही, फलक फडकवणं नाही.

“आणि एवढं सगळं,” बाबा म्हणाले, “छातीएवढ्या पाटीसाठी?”

मग ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. पुढे जे बोलले ते अधिकाऱ्याच्या आवाजात. “आमच्या कायद्यातही आहे हो सगळं. १९४९चा अधिनियम, कलम २४४ आकाशचिन्हं, कलम २४५ जाहिराती. पण आमच्याकडे पाटी वाचायची. मराठीत आहे का, देवनागरीत आहे का, अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान तर नाही ना. २०२२ला दुकानांचा कायदा सुधारला, दारूच्या दुकानाला गडकिल्ल्याचं नाव नको हेसुद्धा त्यात घातलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ला व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा आमची पोरं रस्तोरस्ती पाट्या वाचत फिरली. आणि मोजायची वेळ आली तेव्हा...” त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. घाटकोपरला १३ मे २०२४च्या वादळात पेट्रोल पंपावर कोसळलेलं होर्डिंग १२० फूट लांब आणि १२० फूट रुंद होतं. परवानगीची मर्यादा ४० बाय ४०ची. सतरा माणसं गेली. त्याच्यावरचा मजकूर कुठल्या लिपीत होता याची चौकशी कोणी केली असेल तर ती माझ्या कानावर नाही. इथल्या लोकांनी पाटी मोजायची आणि तिकडच्यांनी वाचायची, अशी वाटणी कुणी केली कुणास ठाऊक. दोन्ही करणारं गाव मला अजून भेटायचं आहे.

त्यानंतर बाबांनी जे केलं त्याची मला कल्पना नव्हती. ते उठले, दारापाशी ठेवलेलं बोलणाऱ्यांचं कार्ड भरलं आणि नाव पुकारल्यावर माइकपाशी गेले. हिरवा दिवा लागला.

“रिस्पेक्टेड मेयर मॅडम,” बाबांनी सुरुवात केली, “मी इथे पाच आठवडे राहतो.” सभागृहात खसखस पिकली. “मी या खात्यात नोकरी केली आहे. तुमचा अहवाल उत्तम आहे. उंची बरोबर आहे, क्षेत्रफळ मी दोनदा तपासलं, बरोबर आहे. फक्त नकाशात पाटीवर जे ‘व्हिलेज’ लिहिलंय, त्यात एल एकच आहे. व्हिलेजमध्ये एल दोन असतात. दुसरा कुठे आहे?”

सभागृहात कागदांची एकच फडफड झाली. पाचही नगरसेवकांनी पानं उलटली. आठवडाभर तो नकाशा त्यांच्याकडे होता. नियोजन आयोगाकडे त्याच्याही आधी. अपील करणाऱ्यांकडे, मंडळाकडे, काळोखप्रेमींकडे. इंजिनियरांनी त्याच्यावर पट्टी ठेवून मापं घेतली होती. बाणाचे शर्ट एकमेकांकडे बघू लागले.

नगर वकीलबाई माइककडे झुकल्या. “वक्त्यांचे आभार,” त्या म्हणाल्या, “पण परिषदेला आठवण करून देते, पाटीवरचा मजकूर आपल्या विचारकक्षेत नाही. स्पेलिंग हा मजकुराचाच भाग आहे.”

आर्किटेक्टने मालकाकडे पाहिलं. मालकाने आर्किटेक्टकडे पाहिलं. अक्षरं फॅक्टरीत आधीच कापायला गेली असावीत, असं त्या दोघांच्या चेहऱ्यांवर मला स्पष्ट वाचता आलं. मला बंदी नव्हती. मग आर्किटेक्ट उठला. “ते मुद्दाम आहे,” तो म्हणाला. “ती आमच्या ब्रँडची ओळख आहे.”

वकीलबाईंचा चेहरा उजळला. तसं असेल आणि ते बोधचिन्ह नोंदवलेलं असेल, तर परिषदेला त्यात बदल सुचवता येत नाही, त्यांनी सांगितलं. “नोंदवलंय का?” बाबांनी विचारलं. तेवढ्यात लाल दिवा लागला.

प्रस्ताव चार विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. विरोधातलं एक मत लॅव्हेंडरसाठी. अटी भरपूर: दगड गोट्यांचा, दिवे कोमट, झुडपं देशी आणि ३ फुटांच्या आत. बाहेर येताना मास्तरांनी बाबांशी हात मिळवला आणि देशी दुकानाच्या शेठनी त्यांना कोकम आलंय म्हणून सांगितलं.

पाटी आता लागली आहे. छान दिसते. एल एकच आहे. गावात कोणीतरी सांगितलं की ते फ्रेंच आहे, आणि ते इतक्यांदा सांगून झालं की डोनटवाल्याने क्रुआसाँ ठेवायला सुरुवात केली आहे. मालकाने भाडी वाढवली आहेत. नव्या भाडेपत्रकातही त्याने एकच एल छापला आहे.